सरांनी मागितलेली माफी

"आंबा पडला!" मी ओरडले, आणि उकिडवी बसलेली सगळी पोरं एका दमात पाठीवर कोसळली. तळहातांचे फटके गादीवर असे बसले की झरोक्यातली कबुतरं उडाली.

"चेतना, मान! पट्ट्याची गाठ कुठे असते?"

"पोटावर."

"मग पडताना तिच्याकडे पाहायचं. आढ्याकडे काय पाहून राहिली? आढं काही पळून नाही जात."

चेतना डाखोरे हसली. सात वर्षांची पोर, समोरचे दोन्ही दात पडलेले. पडण्याची भीती तिला मुळीच नव्हती, आणि मला काळजी वाटायची ती त्याचीच. ज्याला भीती असते तो शिकवलेलं नीट करतो. हिला पडणं म्हणजे घसरगुंडी वाटायची.

यवतमाळला जुन्या जिनिंगच्या एका रिकाम्या गोदामात आमचं ज्युदो केंद्र होतं. गाद्याही तिथल्याच. जिनिंगमध्ये उरलेल्या कापसाच्या कचऱ्याने भरलेल्या, वरून ताडपत्री ताणून शिवलेल्या. लहान मुलांचा वर्ग माझ्याकडे होता. दिवाळीनंतर आलेल्या या मुलांना मी तोवर फक्त पडायला शिकवत होते. पाठीवर, कुशीवर, मग कोलांटी घेऊन. माणूस पडायला लागला की आपोआप हात पुढे करतो आणि नेमका तो हातच मोडतो. ही सवय अंगातून काढायची तर महिने लागतात. कंटाळा येऊ नये म्हणून अधूनमधून मी त्यांना जखडायला द्यायची. एकाने दुसऱ्याच्या मानेखालून हात घालून त्याला गादीवर दाबून धरायचं. पोरांनी त्या पकडीचं नाव ठेवलं होतं 'उशी'. खालच्याने दोनदा थाप मारली की वरच्याने त्या क्षणी सोडायचं. याला अपवाद नाही. कुणी थाप ऐकून न ऐकल्यासारखं केलं, तर त्या दिवशी त्याचा वर्ग संपला.

त्या संध्याकाळी सर वर्ग संपता संपता आले. त्यांना पाहून पोरं धावली. वसंत इंगोले सर म्हणजे आमच्या गावात ज्युदोचं दुसरं नाव. पन्नाशीचा माणूस, पण चाल अशी की जमिनीला धक्का लागू नये. मी अकरा वर्षांची असताना हेच सर आमच्या घरी आले होते. माझे वडील एसटीत ड्रायव्हर. पोरीच्या जातीने अंगाला अंग लावून कुस्त्या कशाला खेळायच्या, असं त्यांचं म्हणणं. सर ओसरीवर बसले, चहा प्यायले आणि म्हणाले, "दादा, तुमची मुलगी आजपासून माझी मुलगी. तिच्या केसाला धक्का लागला तर मला जाब विचारा." वडिलांनी होकार दिला. त्यानंतर बारा वर्षं मी सरांच्या घरी निम्मं जेवण जेवले. त्यांच्या बायकोला, इंदूकाकूंना, माझ्या आवडीनिवडी आईपेक्षा जास्त ठाऊक होत्या.

"ज्योत्स्ना," सर म्हणाले, "आपल्या केंद्राच्या नवीन हॉलचं उद्घाटन ठरलं. मुंबईचे पाहुणे येऊन राहिले. आपल्याला प्रात्यक्षिक द्यायचं आहे."

"मोठ्या मुलांचं देऊ नं, सर."

"मोठी मुलं सगळेच दाखवतात. एवढ्याशा पोरी एकमेकींना उचलून आपटतात, हे लोकांना दिसलं पाहिजे. ही, डाखोऱ्याची, केवढीशी आहे! स्टेजवर हिला हर्षदानं खांद्यावरून फेकलं आणि ही हसत उठली, की टाळ्या थांबायच्या नाहीत."

हर्षदा आमच्या वर्गातली सगळ्यांत मोठी, अंगाने थोराड.

"नाही सर," मी म्हणाले. "यांना अजून फेकायचा एकही डाव दिलेला नाही. आपण होऊन पडणं वेगळं, दुसऱ्यानं पाडणं वेगळं. हवेत गेली की ही पोर सगळं विसरेल. उन्हाळ्यापर्यंत थांबा."

सर हसले. "बरं बाप्पा. वर्ग तुझा. तू म्हणते नाही, तर नाही."

मला त्यांचा केवढा अभिमान वाटला तेव्हा! एवढा मोठा माणूस, आणि शिष्येचं ऐकतो.

दोन-चार दिवसांनी वर्गाच्या वेळेलाच सर आले. म्हणाले, "बाजारात मेन लाइनीतल्या शिंप्याकडे पोरांचे पांढरे ड्रेस टाकले आहेत, ते घेऊन ये. तोवर मी पोरांना खेळवतो."

"वर्ग झाल्यावर जाते नं."

"दुकान बंद होते त्याचं. जा, सायकल घेऊन जा."

मी गेले. शिंप्याने मान वर न करता सांगितलं, "ड्रेस अजून कापलेपण नाही ताई. सरांना सकाळीच बोललो मी, पुढल्या आठवड्यात या म्हणून."

सर विसरले असतील, असं म्हणून मी सायकल वळवली.

गोदामाच्या फाटकापाशीच मला चेतनाचं रडणं ऐकू आलं. वर्गातली पोरं पडली-आपटली की रडतात, ते रडणं मला पाठ होतं. हे तसं नव्हतं. आत गेले तर पोरं भिंतीला चिकटून उभी. हर्षदाने दोन्ही मुठी तोंडाशी धरल्या होत्या. चेतना गादीच्या कडेबाहेर, फरशीवर बसलेली आणि तिचा उजवा हात कोपरापासून भलत्याच दिशेला वळलेला. सर तिच्यापुढे उकिडवे बसले होते. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"हात टेकला तिने," ते मला म्हणाले, जणू तक्रार करत होते. "तू शिकवलं होतं नं, हात टेकायचा नाही म्हणून? टेकला तिने."

मी खोक्याचा पुठ्ठा फाडला, तो हाताखाली दिला, माझा पट्टा सोडून त्यानेच हात गळ्याशी बांधला आणि पोरीला उचलून रिक्षात बसले. वाटेत तिचं रडणं हुंदक्यांवर आलं.

"ताई, मी गाठीकडेच पाहत होते," ती म्हणाली. "पण हर्षदाताईनं वर उचललं नं, तर मले गाठ दिसेच ना."

"तू काही चुकली नाहीस."

"सर म्हणाले, ताईले सांगू नका, आपण ताईले गंमत दाखवू."

मी तिचं डोकं छातीशी धरलं. तोवर मला फक्त पोरीची चिंता होती. कोण काय म्हणालं, हे कानावरून गेलं, मनात उतरलं नाही.

कोपराचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करून तार घालावी लागणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिचे वडील, प्रकाश डाखोरे, सायकलचं दुकान टाकून ग्रीसने माखलेल्या हातांनीच धावत आले. मला पाहून ओरडले, "पोरगी तुमच्या भरवशावर पाठवली होती! काय केलं तिचं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर मागून आले. त्यांनी डाखोऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. मग मला जिन्याकडे बाजूला घेतलं.

"तू काही बोलू नको," ते हळू आवाजात म्हणाले. "लोक आत्ता तापलेले आहेत. तू काही सांगायला जाशील, त्याचा भलता अर्थ काढतील. मी आहे नं? परवा मंडळाची सभा बोलावतो. सगळ्यांसमोर काय ते मीच सांगतो."

"सर, तुम्ही डाव करायला..."

"मी म्हटलं नं, मीच सांगतो."

त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, माणूस चुकला आणि पस्तावला आहे, सगळ्यांसमोर कबूल करायचं म्हणतो आहे. ते त्याचं त्याला करू द्यावं. त्यांना मी आणखी लाजवू नये. मी गप्प राहिले.

सभेला गोदाम भरलं होतं. आमच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष बुटले वकील खुर्चीवर, बाकी सगळे गाद्यांवर. याच बुटल्यांच्या संस्थेच्या आश्रमशाळेत जूनपासून मला खेळाची शिक्षिका म्हणून घ्यायचं ठरलं होतं. सरांनीच शब्द टाकला होता. माझे वडील ड्यूटी बदलून आले होते. सरांच्या मागे इंदूकाकू बसल्या होत्या. मी पुढे, मुलांच्या आयांजवळ.

सर उठले. हात जोडले.

"मी काय बोलू?" ते म्हणाले. "लेकराचा हात मोडला. तो माझ्या केंद्रात मोडला. दुसऱ्या कोणाला मी दोष देणार नाही."

मी खाली पाहत होते. मनात म्हटलं, शाब्बास सर.

"ज्योत्स्नाला तुम्ही सगळे ओळखता. मी तिला हाताला धरून शिकवलं. हुशार आहे. पण वय लहान आहे, घाई आहे. पाहुण्यांपुढे आपल्या वर्गाचं नाव व्हावं, असं तिला वाटलं, तर त्यात काय वावगं? लहान मुलांना डाव द्यायला ती लागली, ते मला उशिरा कळलं. मी म्हटलंही, बाळ, उन्हाळ्यापर्यंत थांब. तिने ऐकलं नाही. त्या दिवशी तिला मी शिंप्याकडे पाठवलं, म्हटलं आज तरी हे बंद राहील. तर मुलींनी तिनं शिकवलेलं आपल्या मनानं करून पाहिलं. मी धावलो, पण पोचलो नाही."

शब्द माझेच होते. उन्हाळ्यापर्यंत थांबा, हे मी म्हटलं होतं. त्यांनी ते जसंच्या तसं उचलून स्वतःच्या तोंडी घातलं होतं.

"पण पोर माझी आहे," सर पुढे म्हणाले, आणि आता ते खरोखर रडत होते. "पोरीची चूक ती बापाची चूक. डाखोरे दादा, तुम्हाला जे बोलायचं ते मला बोला. तिच्यासाठी मी तुमची माफी मागतो." आणि ते वाकले. माझ्यासाठी, सगळ्यांसमोर, डाखोऱ्यांच्या पायांपर्यंत वाकले.

डाखोऱ्यांनी घाईघाईने त्यांना वर उठवलं. बायका पदराने डोळे पुसू लागल्या. मागून कुणी तरी म्हणालं, "असा गुरू मिळायला नशीब लागते, बाप्पा."

बुटले वकील माझ्याकडे वळले. "ज्योत्स्ना, तुला काही सांगायचं आहे?"

मी उठले. सरांकडे पाहिलं. मला अजूनही वाटत होतं की आता ते पुढे काही बोलतील, काही तरी फिरवून सगळं सरळ करतील. त्यांनी माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली.

"हे खरं नाही," मी म्हणाले. आवाज माझा मलाच परका वाटला. "मी डाव शिकवले नाहीत. सरांनीच त्या दिवशी..."

गोदामात कुजबुज उठली. सर सावकाश माझ्याजवळ आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"राहू दे, बाळ," ते म्हणाले. "घाबरली आहे ती. तिला कोणी काही विचारू नका."

त्यानंतर मला खरंच कोणी काही विचारलं नाही. मी बोलत होते, हात हलवून सांगत होते, पण लोक उठून कपडे झटकायला लागले होते. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसावर ही उलटली, असं त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं. हर्षदाची आई तिला दंडाला धरून सगळ्यांच्या आधी बाहेर घेऊन गेली.

घरी वडील म्हणाले, "उद्या जाऊन सरांचे पाय धर."

"बाबा, मी खरं सांगून राहिले."

"एवढा मोठा माणूस खोटं कशाला बोलेल? त्याला काय मिळते त्याच्यातून?"

काय मिळतं, ते मलाही ठाऊक नव्हतं. ते विचारायला मी दुसऱ्या दिवशी दुपारी सरांच्या घरी गेले. सर मागच्या अंगणात आरामखुर्चीत बसले होते. मला पाहून दचकले नाहीत. "ये, बस," म्हणाले. "जेवली?"

"तुम्ही असं का केलं?"

"कसं?"

"सर, इथे कोणी नाही आहे. मला तरी खरं सांगा. शिंप्याकडे मला का पाठवलं? ड्रेस तयार नाहीत, हे त्यानं तुम्हाला सकाळीच सांगितलं होतं."

सरांनी नजर सीताफळाच्या झाडाकडे वळवली.

"तू असती तर मला करू दिलं असतं का?" ते म्हणाले.

मी पायरीवर बसले.

"नवीन हॉलचा मुख्य प्रशिक्षक म्हणून माझं नाव गेलं आहे," ते समजावणीच्या सुरात सांगू लागले. आमच्या वर्गात एखादा अवघड डाव उलगडून सांगायचे ना, अगदी तसंच. "आयुष्य घातलं मी या गोदामात. कचऱ्याच्या गाद्या शिवल्या, काकूनं स्वतः दाभण धरला. आता कुठे धड जागा मिळते आहे. आणि एका पोरीचा हात मोडला म्हणून ते सगळं घालवायचं? माझं वय पाहा. मी आता पडलो तर उठणार नाही, ज्योत्स्ना. तू उठशील. दोन महिन्यांत लोक विसरतील. पडावं कसं, हे तुला मीच शिकवलं नं?"

हे ते प्रेमाने बोलले. खरंच प्रेमाने. ते मला आजही सहन होत नाही. चिडले असते, दटावलं असतं, तर मी भांडले असते. त्यांना मनापासून वाटत होतं की हा हिशेब मलाही पटेल, कारण आजवर त्यांचं सगळंच मला पटत आलं होतं.

"आणि माझी नोकरी?"

"ती मी पाहतो. बुटल्यांना मी सांगतो."

"तुम्ही सांगूच नका आता काही कोणाला," मी म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारात इंदूकाकू उभ्या होत्या. हातात ताटली होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं, याबद्दल मला शंका नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं, तशा त्या पाठ फिरवून आत गेल्या आणि आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला.

आठवड्याभराने चेतनाची आई आमच्या दारात आली. सोबत प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेली चेतना. आईने तिला पुढे केलं.

"सांग ताईले, मले काय सांगत होती ते."

"ताई आमाले नुस्तं पडायले शिकवते," चेतना म्हणाली. "डाव देतच नाही. डाव त्या दिवशी सरांनी सांगितला. पहिल्यांदाच."

"रोज हेच म्हणून राहिली पोरगी," आई म्हणाली. "लेकरू कशाले खोटं बोलन? आमच्या इथं हिचे बाबा ऐकतच नाहीत. सर पायाशी वाकले नं, तेव्हापासून यांच्या डोळ्यापुढे सरच आहेत. तुम्ही चला माझ्यासंगं वकिलाकडे. मी सांगते."

त्या बाईचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही. आम्ही तिघी गेलो. बुटले वकिलांनी आम्हाला बसायला सांगितलं, चेतनाला बिस्किट दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"सात वर्षांच्या मुलीचं किती धरायचं?" ते म्हणाले. "लहान मुलांना ज्याचा लळा असतो, त्याच्या बाजूनं ती बोलतात."

"मग दुसऱ्या मुलांना विचारा," मी म्हणाले. "हर्षदाला विचारा. शिंप्याला विचारा."

"आणि काय करू? उद्घाटन रविवारवर आलं आहे. इंगोल्यांनी सगळ्यांसमोर तुला माफ केलं, प्रकरण मिटवलं. ते उकरून तुझाच बोभाटा होईल. मी तुझ्या भल्याचं सांगतो आहे."

"मला माफी नको आहे, साहेब. मी काही केलेलंच नाही."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. बाहेर आल्यावर चेतनाची आई रस्त्यावर थुंकली आणि पोरीचा डावा हात धरून चालू लागली.

जूनमध्ये आश्रमशाळेत दुसरीच बाई रुजू झाली. हॉलचं उद्घाटन थाटात झालं. सर मुख्य प्रशिक्षक झाले. चेतनाचा हात कोपरात जरा वाकडाच राहिला आणि ती पुन्हा कधी ज्युदोला गेली नाही. मी वर्षभरात गाव सोडलं. अमरावतीला मावशीकडे राहून एका शाळेत शिकवायला लागले, हळूहळू तिथेच माझा वर्ग उभा राहिला. लग्न झालं, मुलगा झाला. वडिलांनी या विषयावर माझ्याशी पुढे कधी बोलणं काढलं नाही. मरण्याआधीही काढलं नाही.

मागच्या वर्षी हिवाळ्यात इंदूकाकूंचा फोन आला. कुठून तरी नंबर मिळवला होता. "सरांना अर्धांग झालं," म्हणाल्या. "तुझं नाव घेतात. एकदा येऊन जा."

जायचं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. शेवटी गेले ते एकाच आशेने. वाटलं, माणूस शेवटाला आला आहे, आता सांगेल. मला दुसरं काही नको होतं. खोलीत आम्ही दोघंच असताना त्यांनी नुसतं 'चुकलं' म्हटलं असतं, तरी मला पुरलं असतं.

खोलीत आम्ही दोघंच नव्हतो. पलंगाशी एक पंचविशीची मुलगी बसून सरांच्या बोटांना व्यायाम देत होती. काकूंनी ओळख करून दिली. ही राधिका, नवीन हॉलवर लहान मुलांचा वर्ग घेते, रोज सकाळ-संध्याकाळ सरांकडे येते. सर वाळले होते. तोंडाची एक बाजू ओघळली होती, पण बोलणं समजत होतं. मला त्यांनी लगेच ओळखलं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. चांगला हात त्यांनी पुढे केला, मी तो धरला.

"राधिका," ते म्हणाले, "हीच ती ज्योत्स्ना."

मुलगी चटकन उभी राहिली. माझ्याकडे तिने पाहिलं ते आदराने नव्हे. कणवेने.

"सर आम्हाला नेहमी सांगतात तुमची गोष्ट," ती म्हणाली. "नवीन कोणी शिकवायला लागलं की सांगतात. चूक झाली तरी शिष्याला टाकायचं नाही म्हणून."

सरांनी माझा हात दाबला. "मनात ठेवू नको, बाळ," ते अडखळत म्हणाले. "मी तर तुला तेव्हाच माफ केलं होतं."

मी त्यांच्या डोळ्यांत शोधत राहिले. म्हटलं, कुठे तरी एखादी फट असेल, माणूस पापणी लववेल. काही नव्हतं. डोळे स्वच्छ होते. इतकी वर्षं सांगता सांगता त्यांना ते खरं झालं होतं. अंगणात माझ्यापाशी ते कबूल करणारा माणूसही आता उरला नव्हता.

मी हात सोडवून घेतला.

"सर, मी मुलांना डाव शिकवले नव्हते. तुम्ही शिकवलात, मला शिंप्याकडे पाठवून. आणि मला माफ करण्यासारखं काही नव्हतंच."

सर हसले, तोंडाच्या एकाच बाजूने. राधिकाकडे पाहून म्हणाले, "पाहा. अजून घाबरते."

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात थबकल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कप माझ्यापुढे ठेवला, कपाकडेच पाहत म्हणाल्या, "साखर बरोबर आहे नं गं? आता अंदाज राहत नाही."

मी चहा न पिता उठले. फाटकाशी पोचले तोच मागून पावलं वाजली. राधिका होती.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही आत जे म्हणालात... मग खरं काय झालं होतं?"

मी फाटकाला टेकून उभी राहिले आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. शिंपी, चेतना, दवाखान्यातला जिना, सभा, अंगणातलं बोलणं. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला. विश्वास बसतो आहे की नाही, हे मला कळेना. माझं सांगून संपलं तेव्हा ती घराकडे वळून पाहू लागली.

आतून काकूंनी हाक मारली, "राधिका, सरांना बसवायचं आहे गं."

"आले काकू," ती म्हणाली. मग माझ्याकडे न पाहता पुटपुटली, "जाते मी. त्यांच्या गोळ्यांची वेळ झाली आहे." आणि ती आत गेली.

मी तिला अडवलं नाही. तिच्या वयाची असताना मीही आत गेले असते.